फ्रँकली म्हणावे की ऑनेस्टली?

मिरजेकडच्या आमच्या एका स्नेह्यांची मुलगी गेल्या महिन्यात आईला घेऊन आमच्या साताऱ्याच्या घरी आली. बी.एस्सी. झालेली, हुशार, वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे मिळवलेली मुलगी. चहाचा कप हातात घेता घेताच आई म्हणाली, "भावजी, हिची पुण्याच्या कंपनीतली मुलाखत गेली बघा. काय वंगाळ बोलली न्हाई पोरगी, खरं घेतली न्हाई."

मुलाखत मोबाईलवरच झाली होती. पहिला प्रश्न आला, शिक्षणात मध्ये एक वर्ष रिकामे का? मुलीने उत्तर दिले, "फ्रँकली स्पीकिंग सर, माय फादर वॉज इल." दुसरा प्रश्न, रात्रपाळी चालेल का? "फ्रँकली स्पीकिंग सर, नो प्रॉब्लेम." तिसरा, आमच्या कंपनीविषयी काय माहिती आहे? "फ्रँकली स्पीकिंग सर, नॉट मच." यावर समोरचे साहेब हसून म्हणाले, तुम्ही फारच फ्रँक आहात. मुलीला वाटले कौतुक केले. आठवड्याने नकार आला.

दोन शब्दांपायी नोकरी गेली असे आम्ही म्हणणार नाही. नकाराची कारणे कंपनी सांगत नसते. पण मुलीने आम्हाला जो प्रश्न विचारला तो आमच्या डोक्यातून गेला नाही. ती म्हणाली, "काका, मी खोटं तर काही बोलले नाही. मग काय म्हणायला हवं होतं?" तिने वहीत यादीच करून आणली होती. टू बी ऑनेस्ट, टू बी फ्रँक, फ्रँकली, फ्रँकली स्पीकिंग, टू टेल यू द ट्रुथ, टू बी कँडिड. सगळ्यांच्या पुढे मराठी अर्थ एकच, 'खरं सांगायचं तर'. एवढे शब्द कशाला मग? इंग्रजांना काय उद्योग नव्हता?

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. पण वीस वर्षे इंग्रजी पत्रांचे मसुदे खरडले, त्यावर साहेबांची लाल शाई सोसली आणि दर रविवारी समाजमंदिरात मुलांचा वर्ग घेतो. तेवढ्या अनुभवावर जे कळले ते सांगतो.

'टू बी ऑनेस्ट' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस आता स्वतःविषयी काहीतरी कबूल करणार. 'टू बी ऑनेस्ट, आय हॅव नॉट फिनिश्ड द वर्क.' काम झाले नाही, कबूल आहे. 'फ्रँकली' म्हटले की ऐकणारा खुर्चीत सावरून बसतो. आता आपल्याला न आवडणारे काहीतरी येणार. 'फ्रँकली, युवर प्लॅन विल नॉट वर्क.' म्हणजे एकात सत्याचा चटका बोलणाऱ्याला बसतो, दुसऱ्यात ऐकणाऱ्याला. हा काही कायदा नव्हे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही दोन्हीची सरमिसळ करतातच. तरी शब्द निवडताना अडले तर एवढेच विचारावे, चटका कोणाला बसणार आहे?

आता त्या मुलीची उत्तरे पुन्हा वाचा. 'फ्रँकली स्पीकिंग' ऐकून साहेब सावरून बसले, की आता कंपनीविषयी काही तक्रार येणार. आले काय, तर वडिलांचे आजारपण. तिथे 'टू बी ऑनेस्ट'सुद्धा नको होते. वडील आजारी होते, मी घरी राहून त्यांची सेवा केली, एवढे वाक्य पुरे. त्यात लपवण्यासारखे काय आहे की जे उघड करायला प्रस्तावना लागावी? रात्रपाळीचे तर विचारूच नका. 'येस सर, आय कॅन.' संपले. कंपनीविषयी माहिती नव्हती, ही मात्र कबुली. तिथे 'टू बी ऑनेस्ट' शोभले असते, आणि त्याच्या पुढे 'मी वाचून घेईन' हेही यायला हवे होते.

'टू टेल यू द ट्रुथ' हा जरा घरगुती. मैत्रिणीशी, शेजारणीशी बोलताना चांगला. 'टू टेल यू द ट्रुथ, आय वॉज अफ्रेड.' पण मुलाखतीत तीन-तीनदा आला तर साहेबाला शंका येते, मग मघापासून काय सांगत होती? खरे तर ही शंका यादीतल्या सगळ्याच शब्दांना लागते. म्हणून मीठ वापरतो तसे वापरावेत.

आणि ती 'स्पीकिंग'ची शेपटी? व्याकरणात चूक नाही. पण आपल्याकडे ती फार चालते. नुसते 'फ्रँकली' किंवा 'टू बी फ्रँक' म्हटले तरी भागते. आमच्या वर्गातली मुले तर याहून पुढे जातात. 'स्पष्ट बोलायचं तर'चे शब्दाला शब्द ठेवून 'क्लिअरली स्पीकिंग' करतात, 'उघड बोलायचं तर'चे 'ओपनली स्पीकिंग'. हे मात्र टाळावे. वाक्याच्या सुरुवातीला 'क्लिअरली' आले की इंग्रजीत त्याचा अर्थ होतो 'हे तर उघडच आहे', आणि 'ओपनली' म्हणजे चारचौघांसमोर. दोन्हीत मनमोकळेपणाचा संबंध नाही.

'कँडिड' हा शब्द आता सातारा-सांगलीच्या प्रत्येक लग्नघरात माहीत झाला आहे. फोटोवाला विचारतो, कँडिड अल्बम घ्यायचा का? म्हणजे नवरा-नवरीला उभे न करता, त्यांच्या नकळत काढलेले फोटो. त्याचे पैसे वेगळे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरा, स्वच्छ. जुन्या रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला झगा घालून मते मागत फिरे, म्हणून उमेदवाराला 'कँडिडेट' म्हणू लागले. पांढऱ्या कपड्यांचे तेवढे आजही टिकून आहे. बोलण्यात हा शब्द बहुधा मत मागणारा वापरतो. 'गिव्ह मी युवर कँडिड ओपिनियन', म्हणजे भीड न ठेवता सांगा. तशी मागणी आली की मोकळे बोलायला हरकत नाही. तरी मागणारा कोण आहे हे बघून घ्यावे.

एक गंमत सांगतो. इंग्रजीत तोंडावर बोलणाऱ्याला 'ब्लंट' म्हणतात. ब्लंट म्हणजे बोथट. आपल्याकडे त्याच माणसाला सडेतोड म्हणतात, त्याची जीभ धारदार असते. एकाच गुणाला तिकडे धार नसलेली सुरी आणि इकडे धार असलेली. तिकडचा भाव असा की याला बोलण्याची नजाकत नाही, घासून-पुसून बोलता येत नाही. म्हणून 'ब्लंटली' हा शब्द नवशिक्याने हातातच घेऊ नये.

'फ्रँकली'च्या चटक्याचे उदाहरण १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' या इंग्रजी चित्रपटात आहे. शेवटी नायक घर सोडून जाताना नायिकेला तोडून सांगतो की तुझे काय होईल याची मला पर्वा नाही. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या मूळ कादंबरीत त्या वाक्यात 'फ्रँकली' नव्हते. चित्रपटवाल्यांनी ते घातले, आणि वाक्य जगभर गाजले. दोन देशांच्या मंत्र्यांची बैठक होऊन 'फ्रँक चर्चा झाली' असे पत्रक निघाले की जाणकार ओळखतात, आत खडाजंगी झाली आहे.

मराठीत मात्र या शब्दाने वेगळेच घर केले. 'मुलगी फ्रँक आहे' असे आपल्या वधू-वर मेळाव्यात सर्रास ऐकू येते. त्याचा अर्थ मुलगी खरे बोलते असा नसतो. ती लाजत नाही, चारचौघांत मोकळेपणी बोलते, असा असतो. सांगणारा कौतुकाने सांगतो आणि होणाऱ्या सासूबाई मनात 'आगाऊ दिसतेय' अशी नोंद करतात. मुलगा फ्रँक असला तर मात्र दोन्हीकडून कौतुक. हा हिशोब आम्हाला आजवर समजलेला नाही. आमच्या घरी आलेल्या त्या माऊलीचीही खरी काळजी तीच होती. मुलगी नोकरीत नको, घरात तरी फ्रँक राहू नये!

या शब्दाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. फ्रँक ही एका जमातीची ओळख होती. आजच्या फ्रान्सचा मुलूख त्या जमातीने जिंकला, देशाला नाव तिचेच पडले. त्या राज्यात पुरते स्वतंत्र फक्त तेच असत, म्हणून 'फ्रँक' म्हणजे स्वतंत्र असा अर्थ आला. जो स्वतंत्र तो मोकळे बोलू शकतो, म्हणून पुढे 'फ्रँक' म्हणजे मोकळे बोलणारा. एका गावात एकाच जमातीला तोंड असते आणि बाकीच्यांनी मान खाली घालायची असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. 'फ्रँचाइझ' म्हणजे मताधिकार, तो शब्दही याच मुळाचा. १९१९ साली साऊथबरो समितीसमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली ती या फ्रँचाइझसाठीच. आज त्याच शब्दाची फ्रँचायझी होऊन चहाच्या दुकानांवर लागली आहे. असो.

आपल्या आजा-पणजांना असा मोकळा शब्द होता का? पाटलाच्या वाड्यासमोर लांबूनच 'जोहार मायबाप' म्हणायचे. काही मागायचेच झाले तर आधी 'लहान तोंडी मोठा घास होतोय' म्हणून माफी मागायची. खरे बोलण्याची किंमत काय असते ते याच सातारा जिल्ह्यात एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने मोजली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १९०१ साली, ते भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात नोकरीवर होते. मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारले, तुम्ही कोण? बाळ भीमरावांनी क्षणाचाही विचार न करता खरे ते सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला. भाड्याच्या गाड्या होत्या, पण एकही गाडीवाला बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, ते असे की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा गाडीवानाच्याच सल्ल्याने मुलांनी आम्ही मुसलमान आहोत असे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाहीच.

ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिली. तिथे 'फ्रँकली' नाही की 'ऑनेस्टली' नाही. काय झाले ते सरळ सांगितले आहे, जिथे खोटे सांगावे लागले तेही झाकलेले नाही. रामजीबाबा त्यांना हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला शिकवत. मराठी वाक्याला नेमका इंग्रजी शब्द कोणता, याची ती रोजची तालीम होती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला मजकूर वगळून हवा होता, तेव्हा स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवणारी लेखणी या तालमीतली.

म्हणून आपल्या मुलांच्या तोंडी 'फ्रँकली स्पीकिंग' इतके का बसले याचा आम्हाला राग येत नाही. मराठीत अरे-कारे आहे, तू, तुम्ही, आपण आहे. कोणी कोणाला काय म्हणायचे ते जन्माने ठरलेले. इंग्रजीत साहेब आणि शिपाई दोघेही 'यू'. त्या भाषेत आपल्या पोराला पहिल्यांदा साहेबाकडे बघून मोकळे बोलता आले, आणि मोकळे बोलण्याचा जो शब्द हाती लागला तो त्याने घट्ट धरला. आम्हीही धरला होता.

२००६ ची गोष्ट. आम्ही एका कचेरीत नवे कारकून. सेवाज्येष्ठतेच्या यादीत आमच्या नेमणुकीची तारीख दोन महिने उशिराची पडली आणि आम्ही अकरा नावांनी खाली गेलो. साहेब परप्रांतातले, म्हणून अर्ज इंग्रजीत लिहिला. सुरुवातच अशी, 'फ्रँकली स्पीकिंग, द डेट इन द सिनिऑरिटी लिस्ट इज राँग.' तिसऱ्या दिवशी मेमो. विषय काय, तर कार्यालयीन शिस्तीस न शोभणारी भाषा. तारखेबद्दल एक अक्षर नाही. रात्रभर झोप नाही.

तिथे निवृत्तीला आलेले एक हेडक्लार्क होते, आपल्याच समाजातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी अर्जाची नक्कल मागितली, पहिले दोन शब्द खोडले आणि म्हणाले, "आता वाच."

आम्ही वाचले. तारीख चुकली आहे.

"काय कमी झालं का? तारीख चुकलीच आहे न्हवं? आता सेवापुस्तकाचं पान टाक, नेमणूक आदेशाचा नंबर टाक. तुझ्या फ्रँकलीला ते मेमो देतील, आदेशाच्या नंबराला कसा देतील?"

आम्ही घाबरून विचारले, "मग वर 'आय बेग टू स्टेट' लिहू का, अण्णा?" अण्णा एकदम उसळले. "भीक कशाला मागतोस? 'आय हॅव टू स्टेट' लिही." बेग म्हणजे भीक मागणे. कचेरीच्या इंग्रजीत ते इतके रुळले आहे की कोणाला खटकत नाही. अण्णांना खटकत असे. त्यांनी आयुष्यात तो शब्द कागदावर लिहिला नाही.

दुसऱ्या अर्जावर सात महिन्यांनी तारीख दुरुस्त झाली. खोडून बघण्याची ही युक्ती आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. शब्द खोडा, वाक्य लंगडे झाले तर ठेवा, नाही तर गेला. पण कबूल केले पाहिजे की तो पहिला अर्ज आम्ही अजून ट्रंकेत जपून ठेवला आहे. कामाला ते दोन शब्द नको होते. ते लिहिताना आम्हाला मात्र हवे होते. आमचे आजोबा त्याच जिल्ह्याच्या कचेरीत चपला हातात घेऊन शिरत.

चटका देऊच नये का, असे मुलीने विचारले तेव्हा आम्ही तिला अभयराजकुमाराची गोष्ट सांगितली. मज्झिम निकायात ती आहे. दुसऱ्याला न रुचणारे शब्द तथागत बोलतात का, असा पेच राजकुमाराने टाकला. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय कराल? राजकुमार म्हणाला, काढेन, रक्त आले तरी काढेन, कारण मला त्याची दया आहे. तसेच मग. जे खरे आहे आणि हिताचे आहे ते न रुचणारे असले तरी तथागत बोलतात, मात्र वेळ बघून. मुलगी म्हणाली, "म्हणजे फ्रँकली खडा काढायला वापरायचं."

आई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर नुसतं 'खरं' म्हणत्यात, भावजी." आम्हाला हसू आले. मिरज-कोल्हापूरकडे 'पण' या शब्दाच्या जागी 'खरं' म्हणतात. 'येतो म्हणाला, खरं आला न्हाई.' घरात शिरताना त्या तेच बोलल्या होत्या, 'खरं घेतली न्हाई'. त्या भागातल्या माणसाने 'खरं' म्हटले की पुढे आड येणारे काहीतरी असतेच. साहेबाच्या 'फ्रँकली'चा आमच्या माऊलीच्या 'खरं'इतका जवळचा नातलग दुसरा कुठे मिळणार?

पंधरा दिवस मुलीने आरशासमोर सराव केला. परवा तिची कुपवाड एमआयडीसीत एका ठिकाणी मुलाखत झाली. संध्याकाळी फोन आला.

"काका, एक सॉफ्टवेअर येत नव्हतं. 'टू बी ऑनेस्ट' म्हणून सांगितलं, आणि शिकीन म्हणाले."

"आणि फ्रँकली?"

"एकदाच वापरलं."

"कुठं?"

"पगाराला. म्हटलं, 'फ्रँकली सर, धिस इज लेस दॅन द वर्क.' साहेब जरा गप्प बसले. मग म्हणाले, हजार वाढवून देतो. सोमवारी हजर व्हायला सांगितलंय."

मागून आईचा आवाज आला, "दोन मागायचं होतंस."